काय खाल्लंस ते सविस्तर लिही

आण्णा,

तुमची पणती सध्या अमेरिकेत शिकायला आहे. तुम्ही तिला पाहणं शक्यच नव्हतं; तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मागच्या महिन्यात तिचं पत्र आलं. तिकडच्या पावाला ती कंटाळली आहे, आणि शेवटी तिने सहज म्हणून विचारलंय, 'आजोबा, तुम्ही जर्मनीत होता तेव्हा काय खायचात? नाटकबिटक बघायला जायचात का?' उत्तर लिहायला मी दोनतीनदा बसलो. 'बटाटे फार खायचो' एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. मग लक्षात आलं, की हे सगळं मी एकदा लिहून बसलोय. बारीकसारीक, चवीसकट, वासासकट. ते तुम्हाला लिहिलं होतं. ती पत्रं आता नाहीत, अक्काच्या ट्रंकेला वाळवी लागली त्यात गेली. पण जे एकदा तुमच्यासाठी वाढलं ते उचलून दुसऱ्या कुणाच्या पानात वाढायला मन घेत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितो. पोरीला काय लिहायचं ते मागाहून बघू.

खाण्यात तुमच्याइतका जीव असलेला माणूस मी पुढे पाहिला नाही. खादाड नव्हतात तुम्ही. थोडंच लागायचं, पण ते मनासारखं लागायचं. आई गेल्यापासून सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांचा स्वयंपाक अक्काकडे होता. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून ती माहेरी परत आली आणि चुलीपुढे बसली, ती कायमची. मिलचा भोंगा झाला की थोड्या वेळाने तुम्ही दारात यायचात आणि चपला काढता काढता वासावरूनच सांगायचात, "आज शेंगा जरा जास्त भाजल्यास गं." आतून अक्का म्हणायची, "कळलं की. आधी पाय तरी धुवा." थंडीत तुम्ही मला मंगळवेढ्याला तुमच्या मित्राच्या शेतावर हुरड्याला न्यायचात. गरम दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायचात, डोळे मिटून चावायचात, आणि मला विचारायचात, "सांग, कशासारखं लागतं?" मी म्हणायचो, हुरड्यासारखं. "ते नाव झालं. चव सांग." मग मी अडखळत काहीतरी सांगायचो, दुधासारखं, ओल्या गवतासारखं, आणि ते पटलं की दुसरी मूठ मिळायची. दुसरा तुमचा नाद नाटकाचा. कंपनी गावात आली की तुमचं जेवण लवकर व्हायचं, धोतर नवं निघायचं, आणि एखादं पद रंगलं की थिएटरात वन्समोअरचा पहिला आवाज तुमचा असायचा. मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

मी जर्मनीला गेलो तो तुमच्या मनातल्या एका गोष्टीमुळे. तुम्ही मिलच्या रंगखात्यात कारकून होता. महायुद्धात तिकडून रंग यायचा बंद झाला तेव्हा मी लहान होतो. एकदा डबा पोचवायला आलो तेव्हा तुम्ही मला रंगाच्या कोठीत नेलंत. फळ्यांवर रिकामे डबे ओळीने मांडलेले होते, झाकणांवर परकी अक्षरं. जमिनीवर सांडलेला जुना रंग ओल्या जागी निळा-जांभळा झालेला. तुम्ही एक डबा उलटा करून दाखवलात. "तिकडे लढाई चाललीय आणि इथे आपल्या लुगड्यांना काठ रंगवायला काही नाही. हे कसं करतात ते आपल्यातल्या कुणाला तरी यायला पाहिजे." त्या वेळी मला ते साधं बोलणं वाटलं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, पहिल्या वर्गात आलो, मिलच्या मालकांनी पाठवायचं कबूल केलं, तेव्हा कळलं की तो 'कुणीतरी' तुम्ही केव्हाच ठरवून ठेवला होता.

निरोप सोलापूर स्टेशनावर झाला. अक्काने शेंगाची चटणी डब्यात ठासून भरली होती आणि वरून कापड बांधून मेणाने बंद केली होती. आपल्या नात्यातले दोघेतिघे वडीलधारे आले होते. त्यांनी मला मांसमच्छी, दारू, बायका यांबद्दल बरंच काही ऐकवलं.  गाडी हलायच्या आधी तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, "तिकडची थंडी मी पाहिलेली नाही. तिथे काय खावं हे इथे उभं राहून मी काय सांगू? फक्त लपवून खाऊ नकोस. जे खाशील ते मला कळव."

पहिलं दीड वर्ष मी ते कळवलं नाही. कळवण्यासारखं काही नव्हतंच. ड्रेस्डेनमध्ये मी एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायचो. बाई पन्नाशीच्या, नवरा महायुद्धात गेलेला, मूल नाही. दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी पाव-लोणी नाहीतर उकडलेले बटाटे, आणि शब्दकोश. ते शहर संगीताचं आहे, चित्रांचं आहे, नदीकाठचं आहे, असं लोक म्हणायचे. मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. भाषा येत नसलेल्या माणसाला गर्दीत जायची भीती वाटते, तशी मला वाटायची. तुम्हाला लिहायचो, 'प्रकृती ठीक. अभ्यास ठीक. थंडी फार. जेवण बरं आहे.' अशी पत्रं तुम्ही कशी वाचली असतील, आण्णा.

मग दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी तुमचं ते पत्र आलं. तुमचं अक्षर नेहमीसारखं, हिशेबी, एका रेषेतलं. सुरुवातीला अक्काची खुशाली होती, मिलमधली होती. मग तुम्ही लिहिलं होतं, की घास गळ्याखाली उतरत नाही. आधी भाकरी अडायला लागली, आता भातही अडतो. मिरजेला जाऊन दाखवलं. अन्ननलिकेत गाठ आहे, ती काढता येण्यासारखी नाही म्हणाले. पोटाला भोक पाडून नळीने दूध घालता येईल, असं म्हणाले. ते तुम्ही नको म्हटलंत. 'तू निघून येऊ नकोस. तू आल्याने गाठ जायची नाही, शिक्षण मात्र जाईल, आणि ते मला जास्त लागेल. मला तुझ्याकडून एकच हवं आहे. दर आठवड्याला काय खाल्लंस, कुठे गेलास, काय पाहिलंस, ऐकलंस, ते सविस्तर लिही. जेवण बरं आहे असं लिहू नकोस.'

मी ते पत्र घेऊन प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी दिली आणि मी तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या एका वयस्कर डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मला अर्धा तास दिला. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या रोग्यासाठी अर्धा तास देणारा माणूस मोठाच म्हणायचा. त्यांनी कागदावर एक नळी काढली, मधे रेघोट्या मारून गाठ दाखवली, आणि सावकाश, मला कळेल अशा बेताने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच मीही सांगितलं असतं." मी विचारलं, काहीच नाही का? त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल खाली ठेवली. दीड वर्ष घासून मी जर्मन शिकलो होतो. त्या दिवशी त्यांचा एक शब्दसुद्धा अडला नाही.

बाहेर येऊन मी काय केलं असेल? काही नाही. नदीवरच्या पुलावर उभा राहिलो, थंडी वाजली तसा घरी गेलो. त्यानंतर मला जेवण जाईना. घास तोंडात घेतला की तो उतरेल की नाही याकडेच लक्ष जायचं. मी तुम्हाला तसं लिहिलंही, की तुमचं कळल्यापासून माझ्या घशाखाली काही उतरत नाही, कुठे जावंसं वाटत नाही. ते लिहिताना मला वाटलं होतं, मुलाने असंच लिहायला पाहिजे. तिकडून पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन. महिना-दीड महिन्याने तुमचं उत्तर आलं. तुम्ही मला आयुष्यात फारसं रागावला नाहीत, पण ते पत्र आठवलं की अजून मान खाली जाते. 'माझा उपास मला पुरेसा आहे, त्यात तुझा कशाला? इथे येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर चेहरा पाडून बसतो. तूही तेच करणार असशील तर तिकडे राहून उपयोग काय? ज्या आठवड्यात तू जेवत नाहीस त्या आठवड्यात मी उपाशी राहतो, एवढं ध्यानात ठेव.'

ते पत्र मी घरमालकीणबाईंना सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण त्यांनी विचारलं, ताट तसंच का परत आलं. मोडक्या भाषेत मी सगळं सांगितलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या. बराच वेळ ओले हात एप्रनला पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी पुसत राहिल्या.  त्या संध्याकाळपासून त्या मला वर ताट पाठवेनाशा झाल्या. खाली स्वयंपाकघरात बसवायच्या आणि भांड्यावरचं झाकण काढून आधी वास घ्यायला लावायच्या. बटाट्याचं दाट सूप, त्यात एक वाळका पाला चुरून घालायच्या. मी तुम्हाला लिहिलं, की ओव्याला जरा गोड करावं आणि त्याचा तिखटपणा काढून घ्यावा, तसा तो वास. सूप म्हणजे आपल्या पिठल्याचा थंड देशातला भाऊ. आंबवलेली कोबी, जिचा वास जिन्यापर्यंत यायचा, ती मी दोन पानं भरून लिहिली. बाई रोज विचारायच्या, "आज वडिलांना काय लिहिणार?" उत्तर देण्यासारखं नसलं तर त्यांना वाईट वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या काहीतरी वेगळं करायच्या.

नाताळात त्यांच्याकडे मोठा गोड्या पाण्यातला मासा होता. मी तोवर मांसमच्छीला शिवलो नव्हतो. बाई माझ्यासाठी वेगळं करणार होत्या; मीच म्हटलं, थोडा द्या. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्हाला नवीन काही मिळावं म्हणून, बहुधा. खाल्ला आणि तुम्हाला तसाच लिहिला, काटे, कातडी, लिंबू, चिखलाचा किंचित वास, सगळं. ते पत्र पोचलं तेव्हा काय झालं ते अक्काने मला पुढे सांगितलं. पत्रं तुम्हाला तीच वाचून दाखवायची. माशापाशी येऊन ती थांबली. तुम्ही म्हणालात, "थांबू नकोस, वाच." ती म्हणाली, "आण्णा, हे माझ्याच्यानं वाचवायचं नाही." तुम्ही म्हणालात, "तुला खायला कोण सांगतंय? वाच की." तिने मान दुसरीकडे वळवून वाचलं, आणि तुम्ही तिला ते परत वाचायला लावलंत. सांगताना अक्का हसत होती, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

नाटकाचंही तसंच. मी ऑपेराला जायला लागलो. सगळ्यात वरच्या सज्जात, विद्यार्थी उभे राहून बघायचे तिथे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला गाणं कळलं नाही. एवढी माणसं एकदम का ओरडतायत असं वाटलं. पण तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून मी परत गेलो, आणि परत गेलो. तेव्हा लक्षात आलं की आवाज उंच जातो तो ओरडायला नव्हे. एक धिप्पाड बाई मरायला टेकलेल्या मुलीचं काम करायची. पहिल्या अंकात मला तिचं हसू आलं आणि शेवटच्या अंकात मी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. तुम्ही विचारलंत, 'वन्समोअर घेतात का?' मी लिहिलं, नाही, अंक संपेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नाही. त्यावर तुमचं उत्तर आलं, 'मग गाणाऱ्याला कळतं कसं?' मी ते वाचून खूप हसलो. पण ते उत्तर हातात पडेपर्यंत बाहेरची झाडं फुलली होती. मी जे ऐकलं होतं ते हिवाळ्यातलं. तुम्ही जे विचारलं होतं ते मधल्या कुठल्या तरी दिवसाचं, आणि आज तुमच्या गळ्याचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्रात 'आता पातळ पेज जाते' असं असायचं आणि मी ते वाचत असताना पेजही बंद झालेली असायची. सगळं असं मागून यायचं.

वसंतात बाईंनी मला रविवारी आगबोटीने नदीवर नेलं. दोन्ही काठांना दगडी सुळके, बोटीवर वाजंत्री, आणि टेबलावर केक. तो केक एका आंबट लाल देठांचा होता. मी लिहिलं, अंबाडी गुळात शिजवून वर साय पसरावी, तसा. ते लिहिताना मला वाटलं, तुम्ही हे ऐकून नक्की म्हणाल, अंबाडीची अशी नासाडी कशाला. बोटीवर सगळे हसत होते. मीही हसलो. आणि मधेच मनात यायचं, की मी इथे वाऱ्यावर बसून केक खातोय आणि तिकडे तुम्ही चमच्याने. मग मी तो केक अजून नीट खायचो. दुसरं काय करणार होतो?

  त्यानंतर बाई एके दिवशी वर्तमानपत्र घेऊन वर आल्या. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, त्यांच्या त्या जुन्या वळणाच्या अक्षरात, आणि त्यात सोलापूर हे नाव. मार्शल लॉ. गोळीबार. एवढंच. पुढच्या दिवशी तेही नाही, आणि दोनतीन आठवड्यांनी तुमची पत्रंही यायची थांबली. त्या दिवसांत तिकडे एक पांढऱ्या कोंबांची भाजी येते, वर्षातून थोडेच दिवस. बाईंनी ती मुद्दाम आणली होती. मी समोर घेऊन बसलो होतो. तुम्ही आहात की नाही हे मला माहीत नव्हतं, घर आहे की नाही हे माहीत नव्हतं, आणि ती भाजी कशासारखी लागते याचा मी विचार करत होतो. शेवटी लिहिलं, की कोवळ्या शेवग्याच्या शेंगेतला गर तेवढाच काढून लोण्यात घातला तर. ते पत्र टाकलं. पोचेल असं वाटत नव्हतं, तरी दर आठवड्याला टाकत राहिलो.

ती पोचली, पण एकदम. अक्का म्हणाली, मार्शल लॉ होता तोवर घराबाहेर पडायची सोय नव्हती. डोक्यावर खादीची पांढरी टोपी दिसली तरी धरून नेत होते, पत्राची चौकशी करायला कोण जाणार? सगळं निवळल्यावर एके दिवशी माझी पाच-सहा पत्रं हातात आली. ती सगळी वाचायला बसली तर तुम्ही हात वर केलात. "एकदम नको. रोज एक." आणि तुम्ही ती तशीच रोज एक ऐकलीत, दुपारी, जेवणाच्या वेळेला.

परीक्षा झाली आणि मी निघालो. बाई स्टेशनवर आल्या. त्यांनी मला एक लहान पत्र्याची डबी दिली, त्यात सूपात घालायचा तो वाळका पाला होता. म्हणाल्या, "त्यांना खाता येणार नाही, पण वास तर घेता येईल." मी त्या बाईंना परत पाहिलं नाही.

सोलापूर स्टेशनावर रंगखात्यातले मुकादम घ्यायला आले होते. तुमच्या हाताखाली नव्हे, तुमच्या बरोबरीने त्यांनी उभी हयात काढली होती.  दारात टांगा थांबला तेव्हा म्हणाले, "सायेब, आत जाल तवा चेहरा पाडू नगासा. त्येंला आवडत न्हाय." मी आत आलो. तुम्ही खाटेवर होता. माझ्या हाताच्या दोन बोटांत मावेल एवढं तुमचं मनगट झालं होतं. मी पायांवर डोकं ठेवलं आणि तुम्ही अगदी हलक्या आवाजात, मला कान जवळ न्यावा लागला, विचारलंत, "बोटीवर काय मिळालं खायला?"

मी ती डबी दिली. तुम्ही ती उघडून किती तरी वेळ नाकाशी धरलीत. म्हणालात, "बरोबर लिहिलं होतंस. तिखटपणा काढून घेतलेला." मला रडू येईल असं वाटलं, पण मुकादमांचं बोलणं आठवलं.

त्यानंतरचे दिवस मी घरातच होतो. दूध चमच्याने, तेही अर्धं परत यायचं. अक्का शेंगा भाजायला शेजारणीच्या चुलीवर जायला लागली होती, वास नको म्हणून. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही खूण करून तिला बोलावलंत आणि म्हणालात, "इथेच भाज." ती म्हणाली, "कशाला, आण्णा?" तुम्ही म्हणालात, "नाक चांगलं आहे अजून." एका संध्याकाळी मुकादम मला अंगणात घेऊन गेले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तिकडं लई मोठे डाक्टर असत्यात म्हन्त्यात. तुमी काय तरी आनलं असंल की औषिद." मी म्हटलं, नाही. "कायच न्हाय?" मी म्हटलं, "काहीच नाही, मुकादम. मी विचारून आलोय." त्यांनी तंबाखू तोंडात न टाकताच झटकून टाकली. "आन् रंगाचं? त्ये तरी शिकलासा न्हवं?" मी म्हटलं, शिकलो. "मग बरं झालं," असं म्हणून ते आत तुमच्याजवळ जाऊन बसले.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. दुपारची वेळ होती. अक्का तुमच्या ओठांना दुधाचा बोळा लावत होती आणि तिला वाटलं तुम्हाला झोप लागली. पुढे मी मिलच्या रंगखात्यात लागलो, तिथेच म्हातारा होऊन निवृत्त झालो. कोठीतले डबे पुढे कधी रिकामे राहिले नाहीत, एवढं मी केलं. तुम्हाला ते पाहता आलं असतं तर, वगैरे मी लिहीत नाही. तुमच्या गळ्याच्या बाबतीत मी शिकून येऊन काही करू शकलो नाही, आणि न शिकता राहिलो असतो तरी करू शकलो नसतो, हे तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. कळून काही होत नाही.

एक दिवस मात्र मागे ठेवला होता. तुम्ही जाण्याच्या आधीच्या आठवड्यातला. सकाळी तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "तिकडचं एखादं करून दाखव. तुला येतं ते." मला एकच यायचं. बटाटे उकडून, चक्का घालून, थोडी कणीक, साखर, बेदाणे, आणि तव्यावर परतलेल्या जाड चकत्या. बाईंच्या हाताखाली उभा राहून शिकलो होतो. अक्काने रात्री दही टांगलं. दुसऱ्या दिवशी मुकादमांनी आणि मी तुमची खाट उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. मी चुलीपुढे बसलो, अक्का तूप सोडत होती. घरभर वास सुटला. तुम्ही डोळे मिटून घेत होता. चार चकत्या झाल्या तेव्हा तुम्ही हाताने खूण केलीत, इथे बसा, माझ्यासमोर.

आम्ही दोघं ताटली घेऊन बसलो. अक्काने एक तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि तिचा हात थांबला. ती तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली. मी एकटा राहिलो. सवयीने मी तुम्हाला सांगायला लागलो, की कसं झालंय, तर तुम्ही मान हलवलीत. "सांगू नकोस. नुसतं खा." मी खाल्लं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी गिळलं की तुमच्याही गळ्याची घाटी हलायची. एक चकती संपली, तुम्ही खूण केलीत, दुसरी. मग तिसरी. मुकादम भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बघत होते. तीन संपल्यावर तुम्ही डोळे मिटलेत, आणि तुमचा चेहरा असा झाला की पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा होतो.

हा प्रसंग अक्का पुढे आयुष्यभर सांगत आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला, माझ्या बायकोला, माझ्या मुलांना. "मला एक तुकडा गेला नाही हो, पण यानं बापासाठी सगळं ताट संपवलं. कसा उतरला असेल त्याच्या घशाखाली तो घास, त्यालाच ठाऊक." लोक माझ्याकडे बघायचे आणि मी गप्प बसायचो. तिला वाटायचं मला बोलवत नाही. तीही जाऊन आता वर्षं झाली. तिला मी हे सांगितलं नाही, बायकोलाही नाही, आणि हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहितो. तुम्ही डोळे मिटल्यानंतर ताटलीत चौथी राहिली होती. तुम्ही बघत नव्हता, कुणीच बघत नव्हतं. ती मी खाल्ली. चांगली झाली होती, आण्णा, आणि मला भूक लागली होती.